पिकप बदलण्याआधी स्क्रूड्रायव्हर फिरवा

या महिन्याच्या गठ्ठ्यात गिटारच्या पिकपचीच पत्रं जास्त निघाली. गळा वाकल्याच्या आणि सूर न टिकल्याच्या तक्रारी म्हणून पुढच्या अंकावर ढकलतोय. त्या वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रश्न : काका, माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची, तीन सिंगल कॉइल पिकपवाली गिटार आहे. तीन वर्षं वाजवतेय. गळा हाताला मस्त बसतो, ट्यूनिंगही टिकतं. पण ब्रिजचा, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला, पिकप कानात टोचतो आणि नेकचा, म्हणजे गळ्यालगतचा, गोधडीखालून बोलल्यासारखा वाटतो. बँडमधली मुलं म्हणतात, "कंपनीतून आलेले पिकप भंगारच असतात, आधी ते काढून टाक." काढू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तारा शेवटच्या कधी बदलल्यास ते तू लिहिलेलं नाहीस. पिकप तारांपासून किती अंतरावर आहेत तेही नाही. बँडमधल्या मुलांनीही ते विचारलेलं दिसत नाही! मी गिटारकडे वळण्याआधी रेडिओ दुरुस्त करायचो, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचो. तिथे उस्तादांनी लावलेली सवय अशी की कुठलाही भाग उपटण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचतंय ते मोजायचं. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पिकपमध्ये असतं काय? चुंबक, आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार. स्ट्रॅटच्या पिकपात ४२ गेजच्या, म्हणजे साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. वर गिटारची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये इवलीशी वीज उमटते. म्हणजे पिकप हा कान. कान कुठे आणि किती जवळ ठेवलाय यावर त्याला काय ऐकू येणार ते ठरतं.

आता गिटारच्या तारेकडे बघ. नेकपाशी ती मोठे झोके घेते, ब्रिजपाशी जेमतेम थरथरते. तिन्ही पिकप एकाच उंचीवर असले तर नेकचा आवाज फुगून गढूळ होणार आणि ब्रिजचा बारीक, चिरका राहणार. मग ब्रिज ऐकू यावा म्हणून तू अँपचा ट्रेबल चढवणार आणि तो आणखी टोचणार. तुझी तक्रार तंतोतंत हीच आहे, म्हणून माझा पहिला संशय उंचीवर.

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर. तारेच्या खालच्या कडेपासून पिकपच्या खांबाच्या, म्हणजे प्रत्येक तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल दांडीच्या, माथ्यापर्यंत मोज. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकपांसाठी फेंडरनेच दिलेलं माप जाड ई तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक ई तारेखाली २ मिलिमीटर असं आहे. तिथून सुरू कर. आधी ब्रिजचा पिकप लाव, कारण तो सगळ्यात अशक्त. बाकीचे दोन त्याच्या बरोबरीला येईपर्यंत खाली उतरव. नेकच्या पिकपची जाड तारांकडची बाजू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने खाली ने आणि प्रत्येक वेळी एकच कॉर्ड वाजव. एका ठिकाणी गोधडी बाजूला होते, ती जागा तुझी तुलाच कळेल. ब्रिजवर बारीक तारांकडची बाजू पाव फेरा खाली आणि जाड तारांकडची थोडी वर. तारा जुन्या असतील तर हे सगळं नव्या तारा चढवल्यावर कर, नाहीतर दुसऱ्यांदा करावं लागेल.

उलट टोकाची चूक माझी स्वतःची. सुरुवातीच्या दिवसांत "आवाज दणदणीत" करायला मी तिन्ही पिकप तारांना टेकतील इतके वर घेतले. दणदणीत झालाही. पण जाड तार बाराव्या फ्रेटच्या वर दाबली की एका सुरात दोन सूर, जहाजाच्या भोंग्यासारखे, एकमेकांशी भांडायला लागले. मला वाटलं ब्रिजचं सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो तुकडा, चुकलंय. दोन संध्याकाळ इंटोनेशनशी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून करायच्या जुळवणीशी, झटापट केली. गुन्हेगार होते ते चुंबक. स्ट्रॅटच्या खांबांतलं अल्निको, म्हणजे चुंबकाचा मिश्रधातू, तारेला खाली ओढतं आणि तिला मोकळेपणी हलू देत नाही. स्क्रू चार फेरे उलटे फिरवले आणि भांडण मिटलं.

उंची जमल्यावरही ब्रिज टोचत असेल तर पिकगार्ड उघडून बघ. स्ट्रॅटच्या पारंपरिक वायरिंगमध्ये दोन टोनची बटणं असतात; एक नेकचं, दुसरं मधल्या पिकपचं. ब्रिजला टोनचं बटणच नसतं! सगळ्यात धारदार पिकप, आणि त्यालाच लगाम नाही. स्विचवर मधल्या टोनची वायर जिथे येते तिथून ब्रिजच्या टोनच्या मोकळ्या पायापर्यंत बोटभर वायरचा तुकडा सोल्डर केला की दुसरं बटण ब्रिजवरही चालतं. मग ते दहावरून सातवर आणायचं, बास. माझ्याकडे "ब्रिजचा पिकप बदला" म्हणून आलेल्या कितीतरी गिटार हा वायरचा तुकडा घेऊन, जुन्याच पिकपसकट परत गेल्यात. धंद्याच्या दृष्टीने मी मूर्खच.

आणखी एक जागा आहे जिकडे कुणी बघत नाही : केबल. गिटारच्या केबलमध्ये दर मीटरला अंदाजे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवून धरायची क्षमता) असतो आणि तो पिकपच्या कॉइलशी मिळून एका ठरावीक ठिकाणी आवाजाला शिखर देतो, म्हणजे तिथला आवाज जास्त उठतो. स्ट्रॅटच्या पिकपचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला कॉइलचा होणारा विरोध, अडीच हेन्रीच्या आसपास. तीन मीटर केबल लावली तर ते शिखर साधारण ५००० हर्ट्झवर येतं, सहा मीटर लावली तर ३८०० च्या जवळ. फरक चांगलाच कानाला जाणवण्याइतका. आखूड केबलवर टोचणारी गिटार लांब केबलवर सौम्य होते, पिकप तोच. सरावाच्या खोलीत मित्राची लांब केबल मागून बघ, त्यात काही मोडत नाही.

व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरवर, मल्टीमीटरही लाव. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओमचे पॉट असतात, हमबकरला, म्हणजे घुरघुर मारायला दोन कॉइल जोडलेल्या पिकपला, ५०० चे. तुझ्या गिटारात कुणी आधी हात घालून ५०० चे बसवले असतील तर टोचण्याचं ते एक कारण. आणि २५० छापलेला पॉट प्रत्यक्षात २०० किंवा ३०० निघू शकतो, वीस टक्के इकडेतिकडे तो धंदाच आहे.

आता मुलांच्या "भंगार"बद्दल. पिकप उलटा करून बघ. तळाला चपटी सिरॅमिक पट्टी चिकटवलेली असेल तर वरचे सहा खांब नुसते पोलादी आहेत. पट्टी नसेल तर खांब हेच अल्निकोचे चुंबक. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेले. पोलादी खांबांनी इंडक्टन्स वाढतो, आवाज जरा जाड होतो, स्वच्छ वाजवताना तो घंटेसारखा किणकिणाट कमी पडतो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज फाडून वाजवताना, ते पिकप मस्त चालतात, त्यांना भंगार म्हणणं मला पटत नाही. पण तुला किणकिणाटच हवाय आणि खाली पट्टी निघाली, तर पिकप बदलल्याचा फरक खरोखर ऐकू येईल. अल्निको काढून दुसऱ्या कंपनीचं अल्निको घालणार असशील, तर त्याआधी केबलचा प्रयोग कर, मगच ठरव.

बदलायचाच झाला तर एकटा ब्रिजचा बदल. तिन्हींचा संच एकदम घातलास तर कशाने काय झालं हे तुला कधीच कळणार नाही. गळा मस्त आणि ट्यूनिंग टिकतं असं लिहिलंयस म्हणून एवढं तरी म्हणतोय. तारा नटमध्ये, म्हणजे गळ्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, अडकणाऱ्या गिटारवर पिकपची उठाठेव मी करूच दिली नसती.

प्रश्न : माझ्या दोन हमबकरवाल्या गिटारमधले पिकप मीटरवर ८ किलोओम दाखवतात. बाजारात १६ किलोओमचे मिळतात. ते दुप्पट ताकदीचे असतील का? निवृत्तीनंतर वाजवायला घेतलं आहे, आवड जड रॉकची.
— एक वाचक

उत्तर : नाही. विहिरीच्या दोराची लांबी सांगितली म्हणून पाणी गोड की मचूळ ते कळत नाही, तसा हा आकडा. रेझिस्टन्स म्हणजे तार किती लांब आणि किती बारीक, एवढंच. ४२ गेजऐवजी ४३ ची, म्हणजे आणखी बारीक, तार घेतली की तितक्याच वेढ्यांना आकडा पाव हिश्श्याने वाढतो, ताकद तिथेच. चुंबक कुठला आहे ते त्यात दिसत नाही. पिकप हातात धरून गरम झाला तरी आकडा चढतो, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला ०.४ टक्के वाढतो. दहा अंशांत तुमचे ८ किलोओम ८.३ होतात.

तरी १६ किलोओमचा पिकप सहसा जास्त वेढ्यांचा असतो आणि जोरात वाजतो, हे खरं. पण त्या जोराची किंमत आवाजाच्या वरच्या भागातून वसूल होते. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, मघाशी सांगितलेलं शिखर खाली सरकतं आणि कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात. तुमचा ८ चा पिकप गिब्सनच्या जुन्या हमबकरच्या घराण्यातला. गिब्सनचे इंजिनियर सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्या काळातल्या पिकपांच्या तळाला "पेटंट अप्लाइड फॉर" अशी चिठ्ठी लावलेली असायची, त्यावरून लोक त्यांना पीएएफ म्हणू लागले. एकेका कॉइलवर पाच हजारांच्या आसपास वेढे, पण मोजमाप इतकं सैल की दोन पिकप सारखे निघायची खात्री नाही. ट्रान्सफॉर्मरवर असं गुंडाळलं असतं तर उस्तादांनी मला हाकलून दिलं असतं. गिटारवाले त्याच सैलपणासाठी जीव टाकतात!

मग जोरकस पिकप निघाले कशाला? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकप आला. सिरॅमिक चुंबक, १३ किलोओमच्या वर. त्या वेळच्या बहुतेक अँपना गेनचं, म्हणजे सिग्नल फुगवून आवाज फाडायचं, वेगळं बटण नव्हतं. अँप फाटेपर्यंत ढकलायचा तर आत जाणारा सिग्नलच मोठा हवा, आणि गिटारमधून तो काढायचा सोपा मार्ग म्हणजे दणकट पिकप. ते दुखणं तेव्हा खरं होतं, औषधही खरं. आजच्या अँपवर गेनचं बटण अर्ध्याच्या वर न्यायची वेळ क्वचित येते.

म्हणून तुम्ही असं करा : कुणाकडून तरी साधं बूस्ट पेडल (सिग्नल मोठा करणारी, पायाने दाबायची डबी) आणा, गिटार आणि अँप यांच्या मध्ये लावा आणि आठवडाभर वाजवा. आवडलं, तर तुम्हाला हवा होता तो जोर, आणि तो तुमच्या पायाशी आहे. हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. पिकपमधला जोर बंद करता येत नाही. बूस्ट लावूनही आवाज "ढिला" वाटला, पाम म्यूट केल्यावर, म्हणजे तारांवर तळहात टेकवून वाजवल्यावर, खालची तार धपकन बसली, तर मात्र ब्रिजला सिरॅमिक चुंबकाचा, मध्यम वेढ्यांचा हमबकर घालून बघायला हरकत नाही. आणि अँपच्या आत कुठला स्पीकर आहे तेही बघा. जड रॉकमध्ये स्पीकर बदलल्याने जो फरक पडतो तो मी पिकप बदलून कधी ऐकलेला नाही.

हातातली वर्षं लक्षात घेऊन एक आगाऊ सल्ला देतो, राग मानू नका. नऊच्या, म्हणजे बारीक, तारा लावा. बोटं कमी दुखतील, जास्त वाजवाल.

प्रश्न : गेन वाढवला की गिटार शिट्टी मारते. हाताने तारा दाबल्या तरी थांबत नाही. दुरुस्तीवाल्याने "पिकप गेला, नवीन टाका" असं सांगितलं. खरं आहे का?
— बँडमध्ये वाजवणारा

उत्तर : गेलेला पिकप गप्प बसतो, शिट्टी मारत नाही. तारा दाबल्यावर थांबणारा फीडबॅक (अँपचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारी शिट्टी) तारेचा; न थांबणारा पिकपच्या आतला. कॉइलचे वेढे सैल असले, किंवा पत्र्याचं झाकण आणि कॉइल यांत पोकळी राहिली, की मोठ्या आवाजात तेच थरथरायला लागतात आणि पिकप मायक्रोफोन होऊन बसतो. गेन चढवून पिकपवर नखाने टकटक करा. अँपमधून दारावर थाप मारल्यासारखं ऐकू आलं तर रोग हाच.

उपाय जुना आहे : मेण. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने गिब्सनच्या ईएस-३३५ गिटारमधला हमबकर आपल्या जोडून केलेल्या गिटारमध्ये बसवला आणि तो शिट्टी मारू नये म्हणून पॅराफिनमध्ये बुडवला. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची गोष्ट मला त्याहून आवडते. १९६३ मध्ये त्यांनी वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली, पिकपही स्वतः केले. पण तार ओढून सूर चढवला की त्यांचे चुंबक विचित्र आवाज करायचे. शेवटी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकप घातले आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून त्यांत अराल्डाइट भरलं. पिकप का बदलला ते एका वाक्यात सांगता यावं, असं मी नेहमी म्हणतो ते हेच.

तुमच्या दुरुस्तीवाल्याला नको असेल तर हे घरी होतं, पण जपून. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, थेट आचेवर कधीही नाही, पॅराफिन पेट घेतं. तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि थर्मामीटर आत हवाच. पिकपमधून बुडबुडे यायचे थांबले की बाहेर. मी एकदा थर्मामीटरशिवाय अंदाजाने केलं. बॉबिन, म्हणजे कॉइल गुंडाळायचा साचा, होडीसारखा वाकून बाहेर आला आणि तो पिकप मात्र खरोखर "गेला". गिटार गिऱ्हाइकाची होती. पुढचं विचारू नका.

प्रश्न : सिंगल कॉइलची घुरघुर घालवायला आतून तांब्याची पट्टी लावली, तरी अँपजवळ गेलो की घूंऽऽ चालूच. पिकप बदलावे का?
— एक वाचक

उत्तर : हो. सरळ उत्तर देता येणारी अशी पत्रं फार येत नाहीत.

तांब्याची पट्टी हवेतला चरचराट थोपवते. विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झची घूं ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आणि पातळ तांब्यातून ती आरपार जाते. गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरा. एका कोनात घूं कमी होईल. ती कमी झाली तर ती कॉइलनेच पकडलेली आहे. मधला पिकप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे तो शेजारच्या पिकपबरोबर वाजतो, ती जवळजवळ नाहीशी होते. एकट्या पिकपवरही नको असेल तर एकावर एक दोन कॉइल रचलेले, सिंगलच्याच आकाराचे बिनघुरघुरीचे पिकप घ्या. किणकिणाट थोडा कमी होतो, तेवढं पत्करायचं.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणून काहीजण घाबरून लिहितात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, अर्थिंगची वायर जागेवर आहे एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : ब्रिजला नवीन हमबकर बसवला. एकटा छान वाजतो, पण नेकबरोबर जोडला की दोन्ही नाकातून बोलतात. दुकानदार म्हणतो पिकप चांगला आहे.
— एक वाचक

उत्तर : दुकानदार खरं बोलतोय. दोन्ही पिकप एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत; एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्येक कंपनी वायरींचे रंग आपल्या मर्जीने ठरवते, त्यामुळे एका कंपनीची लाल म्हणजे दुसऱ्या कंपनीची लाल असं धरून चालायचं नाही.

नवीन पिकपला चार वायरी आणि वेगळी उघडी अर्थिंगची वायर असेल तर काम सोपं : सिग्नलची आणि अर्थची टोकं आपसांत बदला, उघडी वायर अर्थवरच राहू द्या. एकच वायर आणि भोवती जाळी असेल तर अदलाबदल करू नका. जाळी पत्र्याच्या झाकणाला जोडलेली असते, झाकणावर सिग्नल येईल आणि बोट लागलं की भुणभुण सुरू होईल.

सोल्डर करण्याआधी मात्र खात्री करा. मल्टीमीटर रेझिस्टन्सवर ठेवून एका पिकपची दोन टोकं धरा, लाल सळई सिग्नलला आणि काळी अर्थला. स्क्रूड्रायव्हरचं पातं खांबांवर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारतो की खाली, ते कागदावर लिहा. मग दुसऱ्या पिकपवर तेच करा. माझ्याकडे रेडिओच्या काळातला सुईवाला मीटर आहे, त्यावर हे फार छान दिसतं. दोन्ही उड्या एकाच बाजूला असतील तर फेज जुळलेली आहे आणि चूक दुसरीकडे शोधायची. उलट असतील तर नव्या पिकपची टोकं बदला आणि सोल्डर करण्याआधी पुन्हा एकदा पातं टेकवून बघा.